कामरानची चाळीस जनावरं

धाड गावच्या बसस्टँडसमोर किसनरावांचं कृषी सेवा केंद्र होतं आणि त्याच्या काउंटरमागे कामरान आठ वर्षं उभा होता. बसायला स्टूल होतं, पण गिऱ्हाईक समोर असताना बसलेलं किसनरावांना आवडत नसे, आणि गिऱ्हाईक दिवसभर समोर असे. सन दोन हजार सतराच्या कापूस वेचणीत मात्र हे उभं राहणं त्याच्या अंगावर येऊ लागलं. माणसं काही घ्यायला येतच नव्हती. खिशातून, रुमालातून, धोतराच्या सोग्यातून कपाशीची बोंडं काढून काउंटरवर ठेवत होती. नखानं बोंड उकललं की आत गुलाबी अळी आणि पिवळा पडलेला, चिकट कापूस.

"हे पाय. याले बीटी म्हनतं का तू?"

अळी लागत नाही म्हणूनच ते बीटी बियाणं विकलेलं. कामरान मान खाली घालायचा. दिवसातून वीसदा तोच प्रश्न, वीसदा तीच अळी. संध्याकाळी काउंटर पुसताना फडक्याला अळ्या लागायच्या. घरी गेला की बायको मलिहा म्हणायची, "पैले चाय पियो, बाद में बोलो." तो चहा प्यायचा आणि आडवा व्हायचा.

त्याला एक नाद होता, आणि एकतीस वर्षांच्या माणसाला तो शोभत नाही असं गावात बऱ्याच जणांचं मत होतं. तो जनावरांचे पत्ते खेळायचा. 'वाइल्डमार्क' असं त्या खेळाचं छापील नाव. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या चाळीस पत्त्यांचा डेक बांधून आणायचा. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी, त्याची ताकद आणि त्याला लागणारा चारा. दर खेळीला चारा वाढत जातो, तसतशी मोठी जनावरं मैदानात उतरवता येतात. समोरच्याचे वीस जीव संपवले की जिंकलात.

हा खेळ त्याला शिकवला गोपालनं. दोघं कृषी पदविकेला एका वसतिगृहात, एका खोलीत होते. पत्त्यांवरची नावं इंग्रजी. गोपालनं सगळ्यांचं बारसं केलं: मुंगळे, मुंगूस, भेकर, तरस. दोघांकडे भारी पत्त्यांची पाकिटं घेण्याची ऐपत नव्हती. बुलढाण्याला अर्पिताचं स्टेशनरीचं दुकान होतं, तिथे एका डब्यात लोकांनी नको म्हणून टाकलेले पत्ते असत. त्या डब्यातून निवडून दोघांनी एकसारखे दोन डेक बांधले, एक याचा, एक त्याचा. सिंह नाही, गेंडा नाही. नुसती बारकी जनावरं, पण पहिल्या खेळीपासून भराभर उतरणारी. समोरचा आपल्या वाघाला चारा गोळा करेपर्यंत मुंगळ्यांनी त्याला अर्धा खाल्लेला असायचा. शिक्षण संपलं, गोपाल बापाच्या वावरात गेला, कामरान काउंटरमागे, पण दर रविवारी गोपालच्या शेतातल्या गोठ्यात डाव मांडला जायचाच.

त्या जूनमध्ये गोपालनं विचारलं होतं, "कोणतं लावू बे?" आणि कामराननं कपाशीच्या एका वाणाची पाकिटं स्वतःच्या हातानं त्याच्या पिशवीत घातली होती. त्यात खोट नव्हती. त्याला खरंच ते चांगलं वाटलं होतं.

खोट पुढे झाली. ऑगस्टमध्ये उधारीचा एक निरोप द्यायला कामरान बुलढाण्याच्या रस्त्यावरच्या एका वावरात गेला होता. तिथे कपाशीची काही फुलं उमललीच नव्हती. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळल्या होत्या. त्याला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी अळी बसली असल्याची ती पहिली खूण. कामराननं एक फूल खुडून किसनरावांना आणून दाखवलं. किसनरावांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

"एका वावरात दिसली म्हणून गावभर बोंबलू नको. आपूनच बियाणं विकलं आन् आपूनच सांगाचं? थांब थोडं."

कामरान थांबला. कोणालाच बोलला नाही, गोपाललाही नाही. रविवारी पत्ते पिसताना एकदोनदा शब्द तोंडाशी आले, पण गोपालची कपाशी कमरेएवढी, हिरवीगार, आणि गोपाल खुशीत होता. नोव्हेंबरात गोपाल दुकानात आला. त्यानं मूठभर बोंडं काउंटरवर ठेवली, कामरानकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर रविवारचे डाव बंद झाले. कामरान दोनदा शेताच्या वाटेपर्यंत जाऊन परत आला.

जानेवारीत अर्पिताचा फोन आला. महिनाअखेरच्या रविवारी दुकानाच्या माडीवर स्पर्धा आहे, नवीन पत्ते निघालेत. "पण दादा, तुमचा जुना डेक चालायचा नाही हं. 'वणवा' नावाचा पत्ता आलाय. टाकला की ज्याची ताकद दोन किंवा कमी, ते सगळं मैदानावरचं जळून जातं. ज्याला परवडतो त्यानं घेतलाय."

कामरानच्या चाळिसातली पस्तीस जनावरं दोन ताकदीची किंवा त्याहून कमी होती.

खरं तर त्यानं स्पर्धेला नाही म्हणायचं ठरवलं होतं. अंग इतकं शिणलेलं असायचं की रविवारी उठवत नसे. पण शुक्रवारी, अर्ध्या सुटीच्या दिवशी, दुपारी नमाजहून आला, जेवला, आणि का कोण जाणे, फळीवरचा पत्त्यांचा डबा खाली काढला. मलिहा शिलाईच्या मशीनपाशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. तिला खेळ पाहून पाहून येत होता. कामराननं कागदाच्या चिठ्ठ्यांवर 'वणवा' लिहून त्या जास्तीच्या पत्त्यांबरोबर तिच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "तू जाळ मला."

तिनं जाळलं. पाच डाव मांडले, पाचही वेळा त्याचं मैदान साफ. पाचव्यांदा ती चिठ्ठी ठेवताना तीच कळवळली. "अहो, सगळेच्या सगळे एकदम कशाला उतरवता? दोन-तीन घरी ठेवा ना."

"घरी ठेवले तर जोर कमी पडतो."

"आणि मेल्यावर?"

कामराननं पत्ते पुन्हा पसरले. बारक्या जनावरांनी भराभर धावायचं, ही त्यांच्या डेकची सगळी अक्कल. ती सोडायची म्हणजे दुसराच खेळ. तरी त्यानं आठ मुंगळे बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कामानं बुलढाण्याला जीप घेऊन गेला तेव्हा अर्पिताचा डबा उपसला. घोरपडीचे चार पत्ते मिळाले, साळिंदराचे चार. घोरपड कोणालाच नको असायची, कारण ती उतरवली की एक खेळी नुसती पडून राहते. पण पत्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती बिळात जाते, आणि बिळातल्या जनावराला आग लागत नाही. साळिंदर मरतं, पण मरताना समोरच्याचे दोन जीव घेऊन जातं. आठ पत्ते मिळून एका चहा-भज्याच्या पैशात आले. पुढच्या शुक्रवारी मलिहानं पुन्हा पाच डाव जाळले. त्यातले तीन तो जिंकला. तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या आणि विचारलं, "गोपालभाऊ येतील का तिथे?"

"नाही येणार," कामरान म्हणाला.

स्पर्धेला सोळा जण होते, बहुतेक कॉलेजची पोरं. पहिल्या फेरीत समोरच्यानं चौथ्याच खेळीला वणवा टाकला. कामरानचे तीन मुंगूस गेले. बिळातली घोरपड राहिली, हातातली भेकरं पुढच्या खेळीला उतरली, आणि पोरगा दुसरा वणवा शोधत बसला तोवर संपला. "काका, भारी," तो म्हणाला. कामराननं पत्ते गोळा केले आणि दुसऱ्या फेरीच्या यादीत आपलं नाव शोधलं. नावासमोर लिहिलं होतं: गोपाल.

तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला होता. उशिरा आला असावा. वाळलेल्या बोंडांनी फाटलेली बोटं, नखांच्या कडेनं काळ्या चिरा.

"बस," गोपाल म्हणाला. "पिस."

दोघं खेळू लागले. गोपालनं पहिल्या खेळीला मुंगळा उतरवला, दुसऱ्याला दोन मुंगळे, तिसऱ्याला मुंगूस. कामरानच्या लक्षात आलं की याचा डेक तोच आहे, एक पत्ताही बदललेला नाही. पुढे काय येणार ते त्याला कळत होतं, कारण उतरवण्याचा तो क्रम दोघांनी मिळून बसवला होता. त्यानं घोरपड ठेवली, साळिंदर आडवं घातलं, आणि नवव्या खेळीला गोपालचे वीस जीव संपले. जिंकल्यावर त्याला काहीच वाटलं नाही. जरा बरं वाटलं असतं तर त्याचीच लाज वाटली असती.

गोपालनं घोरपडीचा पत्ता उचलून पाहिला. "हे कवा घातली?"

"याच महिन्यात."

"मंद हाय. पन मरत नाई."

"तू काऊन नाई बदलला डेक?"

"कोनासंग बसून बदलू?" गोपाल म्हणाला. "डबा उघडाचं मनच झालं नाई. आज म्हटलं जाऊन यावं, घरात बसून डोकं फिरते."

शेजारच्या टेबलावर पोरं ओरडत होती. कामराननं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"गोपाल, मले ऑगस्टातच मालूम होतं."

"काय?"

"डोमकळी. बुलढान्याच्या रस्त्याले एका वावरात पाह्यली होती म्या. किसनराव म्हने बोलू नको. म्या नाई बोललो. तुलेबी नाई."

गोपालनं आपले पत्ते एकावर एक रचायला घेतले. रचले, कडा सारख्या केल्या, पुन्हा विस्कटून पुन्हा रचले.

"तवाच सांगतलं असतं," तो सावकाश म्हणाला, "तं अळीच्या पतंगाचे सापळे लावले असते. टायमावर दोन फवारन्या मारल्या असत्या. अर्धा तं वाचला असता."

"हाव."

"मंग आता काऊन सांगून राह्यला?"

"माह्याच्यानं तिथं काउंटरमांगं उभं राहनं होत नाई आता."

 गोपाल चिडेल, उठून जाईल, असं कामरानला वाटलं. शिवी दिली असती तर ती त्यानं खाली मान घालून घेतली असती. पण गोपालही थकलेला होता. चिडायलाही अंगात काहीतरी लागतं.

"मंगळवारी कृषीचे साहेब येऊन राह्यले पंचनाम्याले," तो अखेर म्हणाला. "त्यायच्या पुढं बोलशीन हे?"

कामरानच्या डोळ्यांपुढे काउंटर आलं, किसनरावांचा चेहरा आला. "बोलीन," तो म्हणाला.

तिसऱ्या फेरीत तो हरला. समोर कोण होतं हेही नंतर त्याला आठवलं नाही.

मंगळवारी तो सुटी न मागता गोपालच्या वावरात गेला. कपाशीच्या सुकलेल्या पऱ्हाट्यांच्या ओळीत उभं राहून त्यानं ऑगस्टची गोष्ट सांगितली, तारखेसकट. साहेबांनी लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. दुपारी दुकानात आला तेव्हा किसनरावांना कळलेलं होतं. ते ओरडले नाहीत.

"माह्या घरचाबी कापूस गेला ना कामरान," ते म्हणाले. "मले का समजलं होतं हे इतकं वाढीन म्हणून?" मग त्यांनी गोदामाची किल्ली काउंटरवर ठेवली. "तू आता काउंटरवर नको राहू. गोदाम पाय."

त्या सहीनं काय साधलं, हे कधीच नीट कळलं नाही. मदत आली ती तालुक्यातल्या सगळ्यांनाच आली, उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं. कामरान गोदामात पोती मोजू आणि उचलू लागला. कंबर धरायची, मानेत कळ यायची, तरी तो तिथे टिकला. मलिहा रोज संध्याकाळी पाठीला तेल लावायची आणि म्हणायची, दुसरं काम बघा. तो हो म्हणायचा आणि झोपी जायचा.

पुढच्या खरिपात गोपालनं अर्ध्या रानात मका पेरला, अर्ध्यात पुन्हा कपाशीच. ऑगस्ट लागला तसा त्याचा फोन आला. "ये रे, फुलं पाह्यू." दोघांनी ओळीओळीनं फिरून फुलं तपासली, काठ्यांना सापळे टांगले. झालेल्या गोष्टीबद्दल गोपाल तेव्हाही बोलला नाही, नंतरही नाही. माफ केलं असंही तो कधी म्हणाला नाही, आणि कामराननं ते विचारलं नाही.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मात्र गोठ्यात पुन्हा डाव बसला. गोपालला आपल्या डेकमध्ये घोरपड नको होती; त्याला धावणारंच काहीतरी हवं होतं, वणव्यातून सुटेल असं, भेकरासारखं तीन ताकदीचं. "भेकरं आठ केली तं?" त्यानं विचारलं आणि पत्ते मोजू लागला. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं वर पाहिलं. कामरान कडब्याच्या पेंढीला टेकून, हातात पत्ते तसेच धरून झोपला होता. तोंड अर्धवट उघडं. गोपालनं त्याला उठवलं नाही. कपाशीला पाणी सुरू होतं, ते पुढच्या ओळीत वळवायला दांड फोडायची वेळ झाली होती. त्यानं फावडं घेतलं आणि तो वावरात गेला.