कटरवाली वहिनी

मूल गावातल्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होतो. गडचिरोलीहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं स्टँडवर आमच्या शिपायाजवळ एक चिठ्ठी दिली होती, ती त्यानं खिडकीतून माझ्या हातात ठेवली. घडी उघडली आणि मजकुराआधी अक्षर दिसलं. अक्षरं मोठी, वाकडी, एकमेकांवर कललेली... डाव्या हाताची. आरमोरीहून दादाचं पत्र यायचं ते निर्मला वहिनीच्या हातचं. दादा सांगायचा, ती लिहायची, सहा वर्षं हाच रिवाज होता. दादानं स्वतः पेन धरला होता, म्हणजे लिहिणारी उरली नव्हती. ‘निर्मला सकाळी गेली. ये.’ एवढंच होतं त्यात. वहिनीला ताप आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

त्याला आता दीड महिना होतो आहे. वहिनीविषयी लिहायचं तर दादाच्या हातापासून सुरुवात करावी लागते आणि त्या हाताविषयी लिहायचं तर माझ्यापासून. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दादानं बल्लारपूरच्या एका आरागिरणीत दहा वर्षं काम केलं आणि मग आरमोरीला रस्त्याच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये स्वतःचं फर्निचरचं दुकान टाकलं. दारं, चौकटी, पलंग, शाळेचे बाक. त्या शेडच्या मधोमध त्याची कटर मशीन होती. लोखंडी टेबल, त्याच्या चिरेतून वर आलेलं गोल दातेरी पातं आणि खाली पट्ट्यानं ते फिरवणारी मोटर. लाकूड टेबलावरून पुढं लोटायचं, पातं ते चिरत जातं. आरागिरणीत दादानं लोकांची बोटं जाताना पाहिली होती, म्हणून तो मशीनला फार जपून असायचा. पात्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी झाकण बसवलं होतं.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. मला मास्तरकीची ऑर्डर आली. पोस्टातून तो कागद घेऊन मी धावतच शेडमध्ये शिरलो. दादा पाठमोरा होता, सागवानाची फळी चिरत होता. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू जावं म्हणून मी सगळा जीव एकवटून ओरडलो, “दादा, ऑर्डर आली!” तो दचकून वळला. फळीचा शेवट पात्याजवळ आला होता आणि त्याचा हात फळीबरोबर झाकणाखाली गेला. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं. दादा ओरडला नाही. त्यानं डाव्या हातानं बटन बंद केलं आणि खाली भुशात बसला. भुसा लाल होत गेला, आणि माझ्या हातात तो कागद होता.

लोक जमले. कसं झालं, काऊन झालं, विचारू लागले. दादा म्हणाला, “माहंच ध्यान नव्हतं.” मी गप्प राहिलो. दवाखान्यात गप्प राहिलो, आईपुढे गप्प राहिलो आणि पंधरा दिवसांनी मूलला नोकरीवर हजर झालो. बोटं गमावलेला माणूस बेफिकीर ठरला आणि मी गुरुजी झालो.

तेव्हा वहिनीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. ब्रह्मपुरीकडच्या धानशेतीच्या घरची मुलगी, सातवी शिकलेली, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. दादा दोन महिने ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसून होता. मशीन विकत घ्यायला वडशाहून एक जण आला, तेव्हा वहिनीच बाहेर आली. म्हणाली, “मशीन इकाची नाई.” मग दादाकडे वळून, “तुमी मले शिकवा.”

आई खवळली. बाईमाणसानं कटर चालवायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील! वहिनी उलट बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हातातल्या बांगड्या उतरवल्या, पदर खोचला, वरून दादाचा जुना शर्ट घालून बटणं लावली, डोक्याला घट्ट फडकं बांधलं आणि शेडमध्ये गेली. सुवासिनीचे मोकळे हात पाहून आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. दादानं मात्र आईला एकदाच सांगितलं, “काकणं पात्यात अडकले तं हात ओढून नेते, माय. उघडेच राहू दे.”

पुढचा महिनाभर त्यानं तिला मशीन बंद ठेवून शिकवलं. पातं फिरत नाही, पण फळी लोटायची, पाय ठेवायचे, मान वळवायची नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा हे पाहिलं होतं. खुर्चीत बसलेला दादा आणि थांबलेल्या पात्यापुढे फळी लोटणारी ती. “मंगे उभी राहू नोको, बाजूले राह्य. फळी उलटी आली तं पोटात घुसते.” ती सरकायची. “हात कुठी चालला? शेवटाले काठीनं लोट.” ती लांब काठी उचलायची, फळीचा शेवट त्या काठीनं ढकलायची. “चीर मिटून राह्यली तं काय करशीन?” “पाचर मारीन.” “लाइट गेली तं?” “बटन बंद करीन. आली का मशीन आपोआप फिरते.” तो एकच प्रश्न दहा वेळा विचारायचा आणि ती दहाही वेळा न चिडता उत्तर द्यायची. एकदा तो मधेच म्हणाला, “मले हे सगळं येत होतं, निर्मला...” ती काठी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, “पुढं सांगा.”

मग मशीन सुरू झाली ती सहा वर्षं चालली. दादा मापं काढायचा, रेघ मारायचा, ती चिरायची. कुरखेड्यापासून वैरागडपर्यंत लोक तिला कटरवाली बाई म्हणू लागले, काही थट्टेनं, पुढे आदरानं. एकदा एक ठेकेदार विडी ओढत तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि चौकटींची घाई करू लागला. तिनं मशीन बंद केली, पातं पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाली, “भाऊ, विडी बाहेर ठेवा अन् इथी उजव्या बाजूले उभे राहा. मंगून मी काम सुरू करतो.” तो उभा राहिला. त्याच आठवड्यात बिजाच्या लाकडाच्या एका फळीत गाठ निघाली, पात्यानं फळी उचलून मागं भिरकावली आणि ती बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीतून आरपार गेली. बरोबर तो ठेकेदार आधी उभा होता तिथून. वहिनी बाजूला होती. दादा सांगतो, ती पाणी प्यायली, तिनं पातं तपासलं आणि उरलेलं काम केलं. फक्त त्या दिवशी जेवली नाही.

मी सुट्ट्यांत जायचो. शेडच्या दारात पाऊल टाकलं की ती हातातली फळी पुरी चिरून घ्यायची, बटन बंद करायची, हात पुसायची. “काय काम होतं, भाऊजी?” मी म्हणायचो, काही नाही, सहज. ती तशीच उभी. पातं थांबलेलं, मोटर गार. मी बाहेर पडून रस्त्याला लागलो की मागं पुन्हा आवाज सुरू व्हायचा. मला ती तिची शिस्त वाटायची. एवढंच नाही, मी वर्गात पोरांना सांगायचो की माझी वहिनी कोणी जवळ आलं तर मशीन बंद ठेवते, काम करताना असं जपावं... आज हे लिहिताना लाज वाटते.

घरात ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. ताटात वाढायची, पोराबाळांची विचारपूस करायची, पत्राच्या शेवटी ‘तब्येतीस जपावे’ असं आपल्या मनानं लिहायची. तिला सगळं सांगून टाकावं असं मला कितीदा वाटलं. एकदा विहिरीवर ती एकटी होती, मी तोंड उघडलंही होतं. तिनं बादली खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली. मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोललो.

तिचा शेवट मी दादाकडून ऐकला. एका गावच्या शाळेच्या बाकांचं काम होतं. सगळं लाकूड चिरून झालं त्या दुपारी तिला थंडी भरून आली. दुसऱ्या कामाच्या दोन फळ्या बाकी होत्या. दादा म्हणाला, आटपून घे. तिनं आपले हात पुढं धरून पाहिले आणि म्हणाली, “हात थरथरून राह्यले. आज मशीन नाई.” रात्रभर तापली. मलेरिया आमच्याकडे घरोघर असतो, गोळ्या दिल्या, उतरेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती माणसं ओळखेना. जीपमध्ये घालून गडचिरोलीला नेलं तोवर ताप मेंदूत गेला होता. ग्लानीत तिचे हात चादरीवरून पुढं पुढं जात होते, दादा म्हणाला. ते धरायला त्याच्याजवळ एकच धड हात होता.

जलदान विधी झाला, माणसं पांगली. दुपारी मी आणि दादा दोघंच ओसरीवर होतो. मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी आवाज म्याच देल्ला होता.”

“मले मालूम नाई का?”

“वहिनीले सांगाचं राहून गेलं.”

“तिले मालूम होतं. दवाखान्यातच सांगतलं म्या. दुसऱ्या कोनाले सांगतलं नाई.”

“मंग ती मले कधी बोलली काऊन नाई?”

दादानं हाताच्या थोटकांवरून अंगठा फिरवला. “तू आला का मशीन बंद करे,” तो म्हणाला.

“ते तं ती सगळ्यांसाठीच...”

“सगळ्यांसाठी नाई, सुधाकर. गिराईक येत, माय येऊन बसे. त्याइले बाजूले उभं करे अन् चालू ठेवे. तुह्यासाठीच बंद करे.”

“राग होता का तिले माहा?”

“मले नाई मालूम. म्या कधी इचारलं नाई,” दादा म्हणाला. “अन् तिनं सांगतलं नाई.”

यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. बोलण्यासारखं होतं ते सगळं तिच्याजवळ होतं.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. त्या शाळेचे बाक तयार झाले होते, अंगणात ओळीनं मांडलेले, न्यायला बैलगाडी यायची होती. दादानं एकट्यानं जोडले होते, अंगठा आणि करंगळीत रंदा धरून. वरची बाजू त्यानं आरशासारखी गुळगुळीत केली होती. मी एक बाक उचलायला गेलो तर खालून हाताला खरखरीत लागलं. वाकून पाहिलं. खालच्या बाजूला त्यानं रंदा लावलाच नव्हता. लाकडावर पात्याच्या दातांच्या बारीक रेघा तशाच होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“खालून रंदाचं राह्यलं,” मी म्हणालो.

“राह्यलं नाई. ठेवलं,” दादा म्हणाला.

गाडीवाला येईपर्यंत मी एकेका बाकाखाली हात घालून पाहत गेलो. कुठंही रेघ हललेली नव्हती. हात थरथरायच्या आधीचं सगळं काम होतं ते.