मोराचं कुलूप

मुन्शीजींनी मला फसवलं. मी त्यांना फसवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण बदनापुरात उलटं सांगणारे लोक आहेत.

तहसिलीतली नोकरी संपल्यावर मुन्शीजींनी चावडीमागच्या दोन खोल्यांत अजायबखाना मांडला होता. जुनी जाती, ढाली, पानदानं, दौती. यातलं काहीही त्यांनी विकत घेतलं नव्हतं, की मागितलं नव्हतं. ते फक्त तारीफ करत. आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानानं म्हणायचं, "आपलीच आहे." मग पाहुण्यानं छातीला हात लावायचा, "तुमच्याकडंच शोभते," म्हणायचं आणि वस्तू खाली ठेवायची. हा दुसरा अर्धा रिवाज मुन्शीजींना कुणी शिकवला नव्हता.

मी लोहाराचा पोरगा. भाता ओढत वाढलो आणि पुढं लोखंडी सामानाचं दुकान टाकलं. माझ्याशी भाव करायला जालन्याचे व्यापारी एकटे येत नसत. दुकानातल्या पेटीला बापानं घडवलेलं मोराच्या आकाराचं कुलूप होतं. मोराची शेपटी दाबल्याशिवाय चावी फिरायची नाही. एकदा दुकानात येऊन मुन्शीजींनी ते हातात घेतलं आणि डोळे मिटले. "वाहवा, शेठ! काय हात आहे!"

मला तोवर कुणी शेठ म्हटलं नव्हतं. "आपलंच आहे, मुन्शीजी," मी बोलून गेलो.

"शुक्रिया," म्हणाले, आणि कुलूप चावीसकट शेरवानीच्या खिशात गेलं. भाव करायला जागाच ठेवली नाही.

"लई मोठे शेठ!" बायको म्हणाली. "सासऱ्याची निशाणी एका 'शेठ'वर घालवली."

निदान लेकरांना आजोबांचं काम काचेच्या कपाटात दिसेल, म्हणून मी पोराला आणि पोरीला अजायबखान्यात घेऊन गेलो. मुन्शीजी खुलले. त्यांनी पोरीला जातं फिरवू दिलं, पोराच्या हातात ढाल दिली. मी पोरांवर ओरडलो तर माझ्यावरच उखडले. "धरू द्या, शेठ. हातात घेतल्याबिगर चीज कळत न्हाई."

कुलूप मखमलीवर ठेवलेलं होतं. मला उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. पोरगा शाळेत उर्दू शिकत होता, त्यानं खालची पाटी मोठ्यानं वाचली: "मोगल सरदाराच्या खजिन्याचं कुलूप."

पोरीनं विचारलं, "बाबा, आपले आजोबा मोगल व्हते का?"

माझं डोकं फिरलं. "मुन्शीजी, हे काय करून राह्यलात? माझा बाप मागल्या पोळ्याला गेला!"

"लोहाराचं कुलूप बघायला कोण येईल, शेठ? सरदाराचं म्हटलं की लोक बाहेर चपला काढतात."

"मंग कुलूप वापस द्या."

"बिलकुल न्हाई. आपणच दिलं."

"मंग बापाचं नाव लिहा."

"लिहितो की. जल्दी काय आहे? तुमचे वालिद आता कुठं जाणार हैत?"

पुढची कित्येक वर्षं मी दर बाजाराला जाऊन भांडलो. भांडण झालं की ते चहा मागवत. लेकरं तोवर जात्याशी खेळत. पाटी तीच राहिली.

मग जुनं राज्य गेलं आणि मुन्शीजी लेकीकडं हैदराबादला निघाले. मी स्टेशनवर गेलो, तो सूड उगवायलाच. म्हणालो, "मुन्शीजी, शेरवानी झकास आहे."

ते हसले. "आपलीच आहे," म्हणाले, आणि खरोखर बटणं काढू लागले. तिसरं बटण काही निघेना. माझा हात आपोआप छातीला गेला. "तुमच्याकडंच शोभते," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी खिशातून माझ्या बापाची चावी काढून माझ्या मुठीत दाबली. "कुलूप सरकारजमा झालं, शेठ. नाव लिहायचं राहून गेलं. ही असू द्या. कुलूप उघडायला त्यांना तुमच्या दारात यावंच लागेल."

त्यानंतर इतकं मनासारखं भांडायला मला कुणी मिळालं नाही.

अजायबखाना आता शाळेच्या कमिटीकडं आहे. नव्या सेक्रेटरींनी तो स्वच्छ केला, वस्तूंना हात लावायला मनाई केली आणि पाट्या बदलल्या. नव्या पाट्या मराठीत आहेत, म्हणून मलाही वाचता येतात. मोराखाली लिहिलंय: "पेशवेकालीन कुलूप."

ते बंद आहे. चावीसाठी सेक्रेटरींचा शिपाई दोनदा येऊन गेला. चावी माझ्या करगोट्याला आहे आणि तिचा भाव ठरलेला आहे. सेक्रेटरींनी त्या पाटीसमोर उभं राहावं आणि माझ्या नातवंडांना तोंडानं सांगावं: बदनापूरचा लोहार आधी मोगल आणि मग पेशवा झाला, तो लोहार कधी होणार?