नऊ नंबरच्या पत्र्याखालची मादी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. घरात बुवाबाजीविरोधी पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी वाचायला शिकले तीच त्यांवर. पुरावा दाखवा, मग बोला – हे माझं ठरलेलं वाक्य.

इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या एका माळावर मी आणि रिटायर्ड इंजिनिअर देशपांडेकाका ॲडर मोजायचो. ॲडर म्हणजे इथला एकमेव विषारी साप. माळावर पत्रे टाकून ठेवायचे. ते उन्हाने तापले की खाली साप येतात. पत्रा उचलायचा, डोक्याचा फोटो काढायचा. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या खवल्यांची नक्षी वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्या माळावर घरं बांधायचा प्रस्ताव होता. यंदा एक जरी साप नोंदवला गेला, तर कौन्सिल फेरविचार करणार होतं.

मार्च संपत आला तरी सगळे पत्रे रिकामेच. शेवटच्या फेरीत, सकाळी अकराला, मी नऊ नंबरचा पत्रा उचलला आणि…

"हलू नकोस!" काका पुटपुटले. "महाराणी आल्यात."

वेटोळं घातलेली तपकिरी मादी. डाव्या डोळ्यावर जुनी खोक. मी फोटो काढला, ती सावकाश झुडपात सरकली.

काकांच्या किचनमध्ये जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं, तर ती आमच्या यादीतली चौथी मादी निघाली. काकांनी उठून फ्रीझरमधून एक पिशवी काढली.

"ही ती चौथी. सप्टेंबरात सायकलखाली मेली. तपासणीला पाठवायची राहिली. काकू रोज ओरडते, मटारशेजारी साप कसला ठेवता म्हणून."

तीच नक्षी. तीच खोक. आणि माझ्या फोटोच्या कोपऱ्यात पत्र्यावरचा पांढरा नऊ – जो मी स्वतः या फेब्रुवारीत रंगवला होता!

"फोटो आणि पिशवी, दोन्ही कौन्सिलला पाठवूया," मी म्हणाले.

"वेडी आहेस? जुना फोटो चिकटवला म्हणतील. आपल्या बाकीच्या माळांच्या नोंदीही रद्द होतील." मग हळूच म्हणाले, "पिशवी टाकून देतो. कुणाला कळणार आहे?"

"पुरावा लपवायचा, काका? मग तुमच्यात आणि बुवांत फरक काय?"

"मग फॉर्मवर लिही शून्य!"

बाकीच्या माळांसाठी मी लिहिलं.

घरांना परवानगी मिळाली. बुलडोझरने माळ खरवडून झालाय. मी अजून ते दोन फोटो शेजारी ठेवून बघते… एकही खवला चुकत नाही. ती कोण होती, कुठून आली, मला सांगता येत नाही. ती होती, आम्ही दोघांनी पाहिली, एवढंच सांगू शकते. आणि फॉर्मवर तिच्या जागी शून्य आहे, खाली सही माझी.