माझ्या उंचीची सीट

बरीच वर्षं माझी सायकल पडवीत कांदे सांभाळत उभी होती. हँडलच्या एका बाजूला पांढऱ्या कांद्याची माळ, दुसऱ्या बाजूला सगळ्यांच्या छत्र्या, कॅरियरवर गोणपाटांची चळत. मागचं चाक केव्हाच बसलं होतं. येता-जाता माझा पदर तिच्या ब्रेकला अडकायचा आणि मी तो सोडवून पुढे जायचे.

ही सायकल माझ्या माहेरची. कोंडाण्याहून कर्जतच्या हायस्कूलला जायला वडिलांनी घेऊन दिली होती. लग्नात ती माझ्याबरोबर टेंपोत चढली आणि खालापूरच्या बाजूला, या गावात उतरली. भांड्यांच्या आणि कपाटाच्या आधी लोकांनी सायकल बघितली. मग मला साजगावला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं आणि मी रोज सायकलनं जायला लागले. साडीवर जायचे, पदर खोचून. आमचं गाव उंचावर आहे. सकाळी नाक्यापर्यंत सगळा उतार, संध्याकाळी तोच चढ. माणसं मला 'सायकलवाली' म्हणायची. आधी हसून, मग सवयीनं. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की घरातली म्हातारी विचारायची, "ही कोन गं?" आणि सून सांगायची, "ती न्हवं का, सायकलवाली." मला ते फार आवडायचं. तोंडावर मी कधी दाखवलं नाही.

सोडली कशी, ते सांगण्यासारखं काही नाही. पडले नाही, कुणी अडवलं नाही. कंपनीनं बस सुरू केली. ती नाक्यावर थांबायची. नेमकं त्याच आठवड्यात मागचं चाक पंक्चर झालं. म्हटलं, आजचा दिवस बसनं जाऊ, उद्या पंक्चर काढू. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, वारा लागला, डोळा लागला. उद्या काही उजाडलाच नाही. मधूनमधून मनात यायचं, पण मन म्हणायचं ते पाय ऐकायचे नाहीत. मग कांदे आले.

त्यानंतर आली माझी धाकटी जाऊ. दिराचा स्वतःचा टेंपो, तो पहाटेच भाजी भरून निघतो. जावेला साजगावच्या अलीकडे एका फार्महाऊसवर स्वयंपाकाचं काम मिळालं. रस्ता माझाच, पण कंपनीची बस बाहेरच्या माणसाला घेत नाही. एके दिवशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, तुमची सायकल घेऊ का मी? नायतरी उभीच हाय."

"ने की," मी म्हटलं. "गंजतेय नुसती."

हे मी इतक्या मोठेपणानं म्हटलं की सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझा अंदाज होता की ती चार दिवस हौस करील, चढाला दमेल आणि सायकल परत कांद्यांखाली येईल.

तिनं कांदे उतरवले, छत्र्या खुंटीला लावल्या. टायर-ट्यूब नवी, साखळीला तेल, घंटी नवी. माझ्या वेळची घंटी किरकिरायची, हिची तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. आणि ती दमली नाही.

माझा जळफळाट तिथून सुरू झाला. सकाळी मी बसच्या खिडकीत बसलेली असायचे आणि ती पुढे रस्त्याच्या कडेनं चाललेली दिसायची. ओढणी कमरेला बांधलेली, पाठ ताठ, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. बस तिला मागे टाकून जायची, तरी मलाच मागे पडल्यासारखं वाटायचं. शेजारी बसणारी बाई एकदा म्हणाली, "तुमची जाऊ ना ती? काय झ्याक चालवते!"

"सायकल माझी आहे," मी म्हटलं.

"हो का?" असं म्हणून ती डबा उघडून बघायला लागली.

आणि एक दिवस पीठगिरणीत ते कानावर आलं. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "सायकलवाली आत्ताच दळन ठेवून गेली." मी तिथेच उभी होते, हातात माझा डबा. माझं दळण तर अजून हातातच होतं, मी आत्ताच आले होते. मग उजेड पडला. माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला लागलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. साडी नेली असती, बांगड्या नेल्या असत्या, तरी मला इतकं लागलं नसतं.

मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होतं? मीच 'ने की' म्हटलं होतं. मी दुसरी गोष्ट केली. जाऊ माझ्यापेक्षा चांगली वीतभर ठेंगणी. तिनं सीट खाली घेतली होती. एका संध्याकाळी ती आत भाकरी थापत असताना मी दिराचा पडवीतला पाना घेतला आणि सीट माझ्या उंचीला करून ठेवली. सायकल माझी, तर सीट माझ्या उंचीची, एवढा माझा हिशेब साधा होता. सकाळी ती पडवीत आली, सीटकडे बघितलं, पाना आणला, सीट खाली घेतली आणि गेली. संध्याकाळी मी पुन्हा वर. सकाळी ती पुन्हा खाली. आम्ही दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत होतो, एकमेकींच्या डोक्याला तेल लावत होतो, आणि सीटबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं. मी त्या सीटवर बसत नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. नट मात्र झिजून गुळगुळीत झाला.

मग दसरा आला.

आमच्या घरी दसऱ्याला अंगणात सगळी हत्यारं मांडतात. कोयते, विळे, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, आणि शेवटी टेंपो. पद्धत अशी की जो जे वापरतो त्यानं त्याला कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दुसऱ्याच्या हत्याराला आपण हात लावायचा नाही. पूजा झाली की वाहनाची एक फेरी, वेशीवरच्या मारुतीपर्यंत जाऊन परत. मी कामाला जायला बस धरली तरी दर दसऱ्याला सायकल पुसून माळ मीच घालत आले होते. फेरी मारत नव्हते एवढंच. या वर्षीही मी सकाळीच माळ ओवून ठेवली, चांगली टपोरी, मध्ये आंब्याची पानं घालून.

मी माळ घेऊन सायकलजवळ गेले तर जाऊ आधीच तिथे. तिच्याही हातात माळ. आम्ही दोघी थांबलो. पाटावर बसलेल्या सासूबाईंनी डोळे वर न करता निकाल दिला.

"जी चालवते तिनं घालायची. तू मिक्सरला घाल."

सगळं घर ऐकत होतं. मी माझी टपोरी माळ नेऊन मिक्सरला घातली. ती मिक्सरच्या भांड्यावर न मावता खाली लोळत राहिली.

दिरानं टेंपोच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली. टेंपो हलला, लिंबं फुटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून जावेलाही हौस आली. तिनं एक लिंबू आणून सायकलच्या पुढच्या चाकाखाली ठेवलं. माझ्या वेळी सायकलला लिंबू कुणी ठेवलं नव्हतं. कुंकवाचं बोट आणि एक माळ, एवढ्यावर माझी बोळवण व्हायची. मला त्या लिंबाचासुद्धा हेवा वाटला.

ती सीटवर बसली, घंटी वाजवली आणि पायडल मारलं. टेंपोच्या वजनाखाली लिंबू फुटतं. सायकलच्या चाकाखाली ते फुटलं नाही, सटकलं. चाक तिरकं गेलं आणि ती शेणानं सारवलेल्या अंगणात आडवी. लिंबू जसंच्या तसं घरंगळत तुळशीपाशी जाऊन थांबलं.

मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. तेवढ्यात ती उठायला गेली आणि 'आई गं' म्हणून परत बसली. घोटा बघता बघता सुजला. मी आत जाऊन हळद गरम करून आणली आणि तिच्या घोट्यावर थापली, तेव्हाही मला आतून बरंच वाटत होतं.

सासूबाईंना वेगळीच चिंता. लिंबू अख्खं राहिलं आणि फेरी झालीच नाही. "असं अर्धं सोडू नये. कुनीतरी फेरी पुरी करा."

दीर पुढे झाला, तर जाऊ पाय धरून बसल्या बसल्या म्हणाली, "ताई करतील ना. सायकल त्यांचीच हाय."

हे ती भोळेपणानं बोलली की मला पेचात धरायला, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जमणार नाही म्हटलं असतं तर सायकल त्या क्षणापासून कायमची तिची झाली असती. मी पदर खोचला.

सीट तिच्या उंचीची होती. गुडघे हँडलला लागत होते. पहिले काही हात मी अशी गेले की कोंबड्या ओरडत पळाल्या. गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं. मारुतीपाशी पोचले आणि लक्षात आलं की मला वळवता येत नाहीये. रस्ता अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी नवी मोटार, तिच्यावरही माळ. उतरून सायकल वळवली असती तर भागलं असतं. पण ओट्यावरची सगळी गर्दी बघत होती. मी मारुतीला मान लववली आणि तशीच पुढे गेले.

पुढे उतार. पायडल मारायची गरजच नव्हती. वारा कानात शिरला, साडी फडफडली, चाकाला घासून झेंडूच्या पाकळ्या उडायला लागल्या. खाली पिवळं पडायला लागलेलं भात, पलीकडे घाटातून ठाकुरवाडी स्टेशनाकडे चढणारी आगगाडी. हात आपोआप ब्रेकवर गेले आणि योग्य तेवढेच दाबले गेले. मला जोरात हसू आलं. हे सगळं माझं होतं आणि मी ते बसच्या खिडकीतल्या डुलकीवर देऊन टाकलं होतं! नाक्यावरच्या बस थांबण्याच्या जागेला मी एक चक्कर मारली, तिथे रुंद जागा होती म्हणून, आणि परत फिरले.

चढाला मात्र माझी जिरली. मांड्या पेटल्या, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. अर्ध्यात मी उतरले आणि ढकलत निघाले. बघायला कुणी नव्हतं. मारुती दिसायला लागल्यावर परत बसले, तोंड पुसलं, आणि सगळी वाट बसूनच आल्यासारखी अंगणात शिरले. सासूबाईंनी चाकावर पाणी घातलं.

जाऊ ओट्यावर पाय लांब करून बसली होती. तिनं माझ्या चपलांना लागलेल्या धुळीकडे बघितलं.

"ताई, चढाला उतरलात ना?"

"नाही."

"मी नाय उतरत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बस सोडली.

लोकांना वाटलं की मला पुन्हा गोडी लागली, हुरूप आला. हुरूप कसला? तिचं ते 'मी नाय उतरत' रोज माझ्या मागे कॅरियरवर बसून असायचं. सीट मी माझ्या उंचीला केली होती आणि ती खाली घ्यायला कुणी उठत नव्हतं. रोज संध्याकाळी चढाला मी थोडी पुढे जाऊन उतरायचे. आधी बोरीच्या झाडापाशी, मग मोरीपाशी. घरी आले की ती ओट्यावर, पाय उशीवर, नजर माझ्या चपलांवर. आणि एके संध्याकाळी मी न उतरता वर आले. धाप लागली होती. मी चपला काढून तिच्यासमोर धरल्या.

तिनं बघितलं. मग नजर दुसरीकडे वळवली. ती नजर मी कित्येक महिने बसच्या खिडकीत बसून वापरली होती.

"माझा पाय आता बरा हाय," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं कुठूनशी एक जुनी सायकल आणून दिली. सीट तिच्या उंचीची. आता संध्याकाळी आम्ही दोघी नाक्यावर एका वेळी पोचतो. कुणी 'चल' म्हणत नाही. नुसती एकमेकींकडे बघतो आणि चढाला लागतो. बहुतेक वेळा तीच पुढे असते. तिचे पाय तसे का आणि माझे असे का, या विचारानं मी सगळा चढ चढते. गिरणीतल्या म्हाताऱ्या आता 'सायकलवाल्या' म्हणतात. त्यातही तिचं नाव आधी घेतात, मी ऐकलंय.

परवा ती माहेरी गेली, गावच्या जत्रेला, आठवडाभरासाठी. मला वाटलं, बरं झालं, रस्ता मोकळा. पहिल्या दिवशी चढाला पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. बोरीपाशी मी उतरले आणि ढकलत आले. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकात हवा कमी वाटली. म्हटलं, आजचा दिवस बसनं जाऊ. खिडकीची जागा मिळाली. तिसऱ्या दिवशीही मिळाली. संध्याकाळी पडवीत आले तर माझ्या हँडलला कुणीतरी छत्री अडकवलेली.

मी तिला फोन लावला.

"कधी येतेस गं?"

"का ताई? काय काम अडलंय का?"

"नाही. सहज."

तिच्या मागे जत्रेतले ताशे वाजत होते.

"बसनं जाताय ना?" ती म्हणाली.

मी फोन ठेवला, हँडलची छत्री काढून खुंटीला लावली आणि पंप शोधायला लागले.