जास्वंदीला हात लावायचा नाही

लातूरला घर झालं तेव्हा फाटकाजवळ मी जास्वंद लावली. फांदी नांदेडच्या बहिणीकडची. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणली होती. डबल पाकळ्यांची, शेंदरी. इथली काळी माती पाणी धरून बसते अन् मुळं कुजवते, म्हणून खड्ड्यात वाळू आणि शेणखत घातलं. नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं तेव्हा तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत राखून तिला घातलं. पांढरी कीड पडली की बोटानं पुसायची, वरून साबणाचं पाणी फवारायचं. "लेकरांना एवढं जपलं नाहीस," असं आमचे हे म्हणायचे. म्हणोत बापडे.

फूल मात्र तोडायचं नाही, हा माझा कायदा. फूल झाडावरच शोभतं. एकदा चतुर्थीला ह्यांनी न विचारता गणपतीला एक तोडलं, तर रात्रीच्या जेवणापर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यानंतर ह्यांनी कधी हात लावला नाही. मला वाटलं, समजलं माणसाला.

रिटायर झाल्यावर ह्यांची पूजा लांबत गेली. पहाटे फिरायला जायचे आणि येताना पिशवीभर फुलं आणायचे. जास्वंद, तगर, कण्हेर.

"कुठून आणलीत?" मी एकदा विचारलं.

"देवळामागं लई झाडं हायेत."

मी पुढं काही विचारलं नाही. माझं झाड सुखरूप होतं ना, मग मला काय करायचंय?

थंडीत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या ओळीतल्या बाईंनी तक्रार टाकली. रोज पहाटे कुणीतरी कंपाउंडवरून त्यांची फुलं तोडून नेतं, देवाला एक उरत नाही. सगळ्यांच्या आधी मीच लिहिलं, "लोकांच्या दारची फुलं चोरून देवाला वाहतात, लाज कशी वाटत नाही? कॅमेरा लावा तुम्ही." त्यावर कितीतरी अंगठे आले. मला बरं वाटलं.

त्यांनी खरंच कॅमेरा लावला. दोन-चार दिवसांत व्हिडिओ आला. माकडटोपी घातलेला माणूस भिंतीपाशी येतो. चपला काढून बाजूला ठेवतो, झाडाला हात जोडतो आणि छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढतो. तोंड नीट दिसत नव्हतं. अंगातला स्वेटर मी विणलेला होता.

खाली हसण्याची चित्रं पडत होती. कुणीतरी लिहिलं, "चोर लई देवभोळा हाय." मग एकाएकी सगळे गप्प झाले आणि थोड्या वेळानं बाईंनी व्हिडिओ काढून टाकला. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे सगळ्यांनी ओळखलं होतं, आणि आता आमच्यावर दया करत होते.

हे देवासमोर बसले होते. सुदैवानं व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये उतरला होता. सुदैव कसलं! मी तो त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी पाहिला, चष्मा काढून खाली ठेवला.

"बंद कर," म्हणाले.

मी कुठली बंद करते! "अहो, उभी नोकरी इमानानं केली आणि आता हे धंदे? गल्लीत तोंड कसं दाखवायचं मी? दारात एवढं फुललेलं झाड असताना लोकांच्या भिंतीवरून..."

आणि माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. दारात झाड असताना.

"तू नको म्हणालीस ना," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले.

दुपारी मी त्या बाईंकडं माफी मागायला गेले. त्यांनी चहा केला. "जाऊ द्या हो काकू, देवालाच गेली फुलं," म्हणाल्या. मग कप पुढं करत म्हणाल्या, "पण तुमच्याकडं तर केवढी फुलं! तुमच्या स्टेटसला रोज बघते की मी. मग काकांनी..."

मला सांगता आलं असतं की ह्यांना विसरायला होतं, वय झालं. ओठावर आलंही होतं, हे खोटं नाही. ते गिळलं, पण खरंही बोलवेना. चहा तसाच ठेवून उठले. ह्यांना चोर ठरवून मी मात्र झाडं जपणारी बाई म्हणून मिरवत होते, ह्याची इतकी शरम वाटली की घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेले नाहीत. अंघोळ करून नुसतेच देवासमोर बसले. मी परडी आणून त्यांच्या हातात दिली. "आपल्या झाडाची घ्या. हवी तेवढी घ्या."

ते अंगणात गेले. झाड फुलांनी नुसतं लगडलं होतं. बराच वेळ ते समोर उभे राहिले. एका फुलाकडं हात नेला, मागं घेतला. मग दाराकडं वळून मला म्हणाले, "अगं, ह्यातलं एखादं घेतलं तर चालंल का?"

घर ह्यांच्या कमाईचं. झाडाचा खड्डा ह्यांनीच खणलेला. मी मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी एकच तोडलं. तेही आतलं, पानाआडचं, गेलं तरी कुणाला कळणार नाही असं.