अर्ध्या विटेची भिंत

घराची डागडुजी चालली आहे. स्वयंपाकघराची बाहेरची भिंत ठोकून बघत गवंडी म्हणाला, "आजी, सगळी भिंत दीड विटेची, मग इथंच तेवढी अर्ध्या विटेची कशी?"

मी पदराआड हसले. तिथं पूर्वी खिडकी होती. बोळापलीकडच्या कुसुमनं माझ्या चकल्यांना मऊ म्हटलं, आणि तेवीस वर्षांच्या एका शहाणीनं, म्हणजे मीच, ती खिडकी बुजवून घेतली. अबोला म्हणजे अबोला! भिंत मात्र पातळ घालायला सांगितली. कुसुम पस्तावून रडली, तर ऐकू यायला नको? पुढे कित्येक वर्षं मी तिथं कान देऊन भाजी निवडली. पलीकडून फोडणीखेरीज काही ऐकू आलं नाही.

रागानं भिंत घालणाऱ्यालाही ती जाड घालायचा धीर होत नाही, हेच खरं.

"काढ त्या विटा, खिडकी होऊ दे परत," मी म्हटलं. जुन्या खिडकीवरचा आडवा लिंटेल, वरच्या भिंतीचा भार पेलणारा, शाबूत होता, म्हणून गवंड्यानं बिनधास्त विटा काढल्या. उन्हाचा चौकोन थेट ओट्यावर येऊन बसला. समोरच्या खिडकीत कुसुम उभी, केस पांढरेशुभ्र. बोलेल का ही?

"चकल्या जमायला लागल्या म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"तूच की! दिवसभर बडबडतेस. मला दिलेल्या शिव्यासुद्धा ऐकल्यात."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते, तर तू गप्प झाली असतीस."

मी गवंड्याला सांगितलं, गज जरा लांब लांब बसव बाबा. मधून चकल्यांचा डबा जायला हवा.