नव्या पाण्यातले मासे

गेल्या दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्याच दिवशी मोहाडीच्या आमच्या घराच्या हॉलमध्ये मी समुद्र आणला. तीन फुटी टँक, नागपूरहून आणलेलं खास मीठ, आरओचं पाणी, तळाला पांढरी रेती, वर निळसर लाइट... संगीता, माझी बायको, एवढंच म्हणाली, "टीव्ही कुठी ठेवाचा मंग?" टीव्ही बेडरूममध्ये गेला.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. सहजीवनाचा धडा आला की दरवर्षी तेच उदाहरण... क्लाउनफिश आणि अ‍ॅनिमोन. अ‍ॅनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. त्याचे झुलणारे हात बाकीच्या माशांना डंख मारतात, पण हा नारिंगी मासा त्यातच घर करून राहतो.

फळ्यावर चित्र काढून काढून कंटाळलो होतो. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हटलं, यांना खरं दाखवू.

दुकानदाराने बजावलं होतं, "सर, पाणी सेट होऊ द्या महिना-दीड महिना. अ‍ॅनिमोन तं सहा महिन्याच्या आधी टाकूच नका." मी हसलो. अहो, नायट्रोजन सायकल मी पोरांना शिकवतो!

पण रविवारी प्राचार्य आणि स्टाफ फराळाला येणार होते. त्यांना काय रिकामं पाणी दाखवायचं? शुक्रवारी पुन्हा नागपूर गाठलं आणि क्लाउनफिशची जोडी आणि अ‍ॅनिमोन घेऊन आलो. टँकला जेमतेम नऊ दिवस झाले होते.

आणि रविवारी काय दिसत होतं ते! अ‍ॅनिमोन पूर्ण उमललेला, मोठी मादी त्याच्यात लोळतेय, छोटा नर तिच्या मागे मागे... सगळे मोबाइल काढून उभे.

तेवढ्यात श्रावणकाका आले. काका म्हणजे माझ्या बाबांचे जिवलग दोस्त. जन्म गावच्या तलावावर मासेमारीत गेलेला. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. बाबा गेल्यानंतरही दर रविवारी ताजे मासे घेऊन यायचे, मागच्या दाराने सरळ घरात... आणि मला हाक मारायचे ती "बाबू" अशीच.

काका ओल्या पायांनी टँकपुढे उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "बाबू, पानी नवं हाय हे. नव्या तलावात आमी पयल्या साली पिल्लं नाई सोडत. पान्याले जरा जुनं होऊ दे."

प्राचार्य गालात हसले. मला लाज वाटली... काकांची. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, हे समुद्राचं पाणी आहे. तलावातले मरळ मासे पकडणाऱ्यांचं काम नाही हे."

सगळे हसले. काकाही हसले. माशांची पिशवी संगीताच्या हातात दिली आणि मागच्या दाराने निघून गेले.

बुधवारी अ‍ॅनिमोन आक्रसला. तोंड उघडं पडलं, त्यातून तपकिरी धागे लोंबू लागले. मला वाटलं, सवय होतेय नव्या जागेची. पाणी तपासायची टेस्ट किट कपाटात होती. ती काढायचीही भीती वाटली मला.

शुक्रवारी बाजारातून आलो तर संगीता दारातच. "अहो, वास येऊन राहिला पान्याचा." पाणी दुधासारखं झालं होतं. हात घालून अ‍ॅनिमोन काढायला गेलो, तो बोटांत विरघळला... ओला कागद फाटावा तसा.

मादी तळाशी आडवी पडली होती, कल्ले भराभर हलत होते. आणि छोटा नर माझ्या हातावर धावून येत होता. जे आता घर उरलंच नव्हतं, ते राखत होता. त्याला नव्याने केलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, मादीलाही. संध्याकाळपर्यंत दोघंही गेले.

मासे माझ्या अज्ञानाने मेले असते तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. पण नव्या पाण्यात घाण पचवणारे जिवाणू नसतात, ते वाढायला वेळ लागतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितोय. काकांनी तेच सांगितलं होतं. फक्त "बॅक्टेरिया" हा शब्द वापरला नव्हता.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मीच तलावावर गेलो. काका पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळं शिवत होते. मी सगळं सांगितलं, मासे मेल्याचं, माझ्या बोलण्याचं. हात जोडले.

काका घाईने उठून उभे राहिले. "त्यात काय एवढं, सर... बसा ना तुमी." स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी माझ्यासाठी दगडावर अंथरला.

सर. तुमी.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या दुपट्ट्यावर बसू शकलो नाही.

या वर्षी सहजीवनाचा धडा आला तेव्हा चित्र काढलं नाही. झालं ते सगळं वर्गात सांगितलं, काकांना काय बोललो तेही, शब्द न बदलता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मंग आता ते काका तुमच्या घरी येतेत का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तुमी जाता का त्यायच्या घरी?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोरी, तुझे आभार. आयुष्यभर ते माझ्या घरी येत राहिले आणि त्यांच्या घरात पाऊल टाकल्याचं मला आठवतच नव्हतं.